हजेरी घेणारं क्रियापद

'परमेश्वराने साराला भेट दिली.' बायबलमधल्या उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायाचं पहिलं वचन मी मूळ हिब्रूतून वहीत असं उतरवलं आणि स्वतःवरच खूश झाले. पुढच्या आठवड्यात निर्गमचा विसावा अध्याय, म्हणजे दहा आज्ञा. तिथे तेच क्रियापद पुन्हा भेटलं आणि मी त्याच इमानाने लिहिलं, 'वडिलांच्या पापाला मुलांवर भेट देणारा.' लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. आमचे हे बाजूलाच बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "पापाला भेट? काय देवळाला जातात तशी?"

त्या दिवसापासून पे, कोफ, दालेद या तीन हिब्रू अक्षरांनी, म्हणजे 'पाकद' या क्रियापदाने, माझे जवळजवळ चार महिने खाल्ले.

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर हिब्रू शिकायचं हे मनात फार आधीपासून होतं. माझी आजी केडगावच्या मुक्ती सदनात लहानाची मोठी झाली. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्याही तिथल्या बायकाच, हे तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आज्या हिब्रूबद्दल बोलत असतील. रमाबाई १९२२ साली गेल्या. त्याआधी काम हातावेगळं केलं होतं. मला अख्खं बायबल नको होतं. एखादं पान मुळातून वाचता आलं तरी पुरे होतं.

आमचा वर्ग दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर भरतो. आम्ही सहा जण. शिकवणारे सर निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत, गावी असतात आणि पाऊस आला की त्यांचं नेटवर्क जातं. मी भेटीची दोन्ही वाक्यं वाचून दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाई, हा अर्थ कुठून आणलात?"

पाठ्यपुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीतून आणला होता. पुस्तक इंग्रजी. तिथे पाकद या शब्दासमोर पहिलाच अर्थ 'व्हिजिट'. तो जुन्या इंग्रजी बायबलमधून आलेला, आणि त्या काळच्या इंग्रजीत त्याला शिक्षेचाही वास होता. मराठीत 'भेट' म्हटलं की तो वास उडून जातो, फक्त चहापोहे उरतात.

"शब्दसूची मिटवा," सर म्हणाले. "हा धातू सुमारे तीनशे वेळा येतो. सगळे नकोत. तीसेक वचनं कार्डांवर लिहा, मग बोलू."

कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. जेवणाच्या टेबलावर मांडली आणि चक्रावले. एकाच धातूची ही सगळी रूपं? सारा म्हातारी झाली, तरी देवाने तिला विसरलं नाही, तिथे पाकद. रूथच्या पुस्तकात दुष्काळ सरला, देवाने आपल्या लोकांना भाकर दिली, तिथे पाकद. शास्ते या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शमशोन करडू घेऊन बायकोकडे जातो, तिथेही पाकद (ही मात्र खरोखरच भेट, करडू घेऊन गेला म्हणजे समजूत काढायलाच). गणना या पुस्तकात तर ओळीओळीला. रऊबेनाच्या वंशाचे ४६,५००, अमक्याचे इतके, तमक्याचे तितके, एकंदर ६,०३,५५०. हे मोजलेले लोक म्हणजे 'पेकुदीम', याच धातूचं कर्मणी धातुसाधित. जुने यहुदी गुरू या पुस्तकाला 'पेकुदीमांचा ग्रंथ' म्हणत, आणि आपण मराठीत त्याला 'गणना' म्हणतो, ते याच अर्थाने. मग पोटीफर योसेफाला घराचा कारभारी नेमतो, तिथेही हाच धातू. एकतिसाव्या स्तोत्रात 'तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो', तिथेही हाच. हे वचन दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांतलं शेवटचं म्हणून मी ऐकत आलेय. ते ज्या धातूचं आहे, त्याच धातूने पापाची शिक्षाही होते, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

आठवण ठेवणं, भेटायला जाणं, मोजणं, नेमणं, सोपवणं, शिक्षा करणं. आणि यावर कडी म्हणजे, नसणं.

नसण्याचं कार्ड पहिल्या शमुवेलाच्या विसाव्या अध्यायातलं. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठलाय. उद्या अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाचं जेवण आहे, दावीद तिथे जाणार नाही. त्याचा मित्र योनाथान त्याला म्हणतो, 'वेनिफ्कद्ता की यिप्पाकेद मोशावेखा.' तुझी उणीव भासेल, कारण तुझी जागा रिकामी दिसेल. एका छोट्या वाक्यात धातू दोनदा.

दुसऱ्या रूपाशी मी तीन दिवस झटले. यिप्पाकेद. 'प'मध्ये ठिपका, म्हणजे द्वित्त, अक्षर दुप्पट. हिब्रूत एका धातूचे सात साचे असतात. त्यांना बिन्यान म्हणतात, म्हणजे बांधणी किंवा इमारत. साधा साचा 'काल'; त्याचा आत्मवाचक किंवा कर्मणी निफाल; द्वित्त असलेला पिएल; प्रयोजक हिफील; असे आणखी. मला द्वित्त दिसलं आणि मी ठोकून दिलं, पिएल! मग पिएलचा अर्थ लावायला बसले. जागा कोणाला तरी मोजणार? जागा सैन्य गोळा करणार? काही केल्या बसेना.

गुरुवारी सर म्हणाले, "द्वित्त कुठल्या अक्षरात आहे? पिएलचं द्वित्त मधल्या अक्षरात असतं. म्हणजे इथे कोफमध्ये हवं होतं. तुमचं पहिल्यात आहे. का?"

पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही. मग मला एकदम आमच्या शाळेचा फळा आठवला. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. पुढच्या व्यंजनाने मागचं गिळलं, की पुढचं जाड होतं. प्राकृताचा हा धडा मी बत्तीस वर्षं दर जूनमध्ये शिकवलाय. निफालचा 'न'! मूळ यिन्पाकेद, 'न' पुढच्या 'प'मध्ये जिरला आणि 'प' दुप्पट झाला. भूतकाळी निफ्कदमध्ये तो न उघड दिसतो, इथे पोटात गेलाय. हे मी बोलून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "बाई, हे आता तुम्हीच शिकवा." बरं वाटलं. या वयातही बरं वाटतं.

पण रूप ओळखता आलं म्हणून अर्थ उलगडला असं नाही. साध्या साच्यात 'मोजणं', आणि त्याच्या निफालात 'मोजला जाणं' यायला हवं. गणनेत आलेला माणूस गैरहजर कसा?

याचं उत्तर कोशात नव्हतं, हजेरीपटात होतं.

मी हजेरी कशी घ्यायचे? नाव पुकारायचे, पोर 'हजर बाई' म्हणायचं, पेन पुढे. हजर पोरांकडे मान वर करून बघायचीही गरज नसायची. पेन थांबायचं ते उत्तर आलं नाही की. तेव्हा मान वर, आणि नजर थेट रिकाम्या जागेवर. तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. हजेरी घेताना जो खऱ्या अर्थाने 'दिसतो', तो नसलेलाच. मोजदाद केली की कमी भरतो तो निफ्कद. गणना ३१ मध्ये लढाईहून आलेले सरदार मोशेला हेच सांगतात, 'आम्ही मोजणी केली, आमच्यातला एकही माणूस निफ्कद नाही.' म्हणजे एकही कमी भरत नाही.

शाळेतल्या माझ्या एक जुन्या सहकारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, आहेत, आता मुलाकडे इस्राएलमध्ये अश्दोदला असतात. त्यांना हे कळवलं तर लगेच व्हॉइस मेसेज आला, "अगं, इथे तर नातवाच्या शाळेत गैरहजर मुलाला निफ्कद म्हणतात, बँकेतला कारकून तो पाकीद, आणि मी ठेवलेली एफडी ती पिकादोन!" पिकादोन बायबलमध्येही आहे; योसेफाने सात वर्षांच्या दुष्काळासाठी साठवून ठेवलेलं धान्य ते पिकादोन. ठेव. आमच्या ह्यांचा जन्म पतसंस्थेत गेला, त्यामुळे हा शब्द त्यांना फारच आवडला. जाता जाता एक सांगते. मराठी माणसाने हिब्रूचं व्याकरण मराठीत शिकायचं हे काही आमच्या वर्गाने काढलेलं खूळ नाही. मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीत छापली ती १८३२ साली.

हिफील लवकर सुटलं, कारण ते संस्कृतातल्या णिजन्तासारखंच, प्रयोजक. पाकद म्हणजे लक्ष ठेवणं, मग हिफ्कीद म्हणजे दुसऱ्याला लक्ष ठेवायला लावणं. माणसाला वस्तूवर लक्ष ठेवायला लावलं की ती नेमणूक झाली: योसेफ पोटीफरच्या घरावर. वस्तू माणसाच्या लक्षात दिली की ती ठेव झाली: आत्मा देवाच्या हाती. मला वाटलं होतं 'नेमणं' आणि 'सोपवणं' हे दोन अर्थ आहेत. ते एकाच व्यवहाराचे दोन टोकांकडून काढलेले फोटो निघाले.

राहता राहिली शिक्षा. तिथे मी अडले होते ते शब्दयोगी अव्ययापाशी. सारा, रूथचे गावकरी, शमशोनाची बायको, या सगळ्या ठिकाणी माणूस क्रियापदाचं सरळ कर्म आहे. दहा आज्ञांत मात्र कर्म आहे 'पाप', आणि माणसं आली आहेत 'अल' या अव्ययानंतर. अल म्हणजे वर. पोकेद अवोन आवोत अल बानीम. शब्दशः, बापांचं पाप मुलांवर... काय करणारा? मोजणारा? ठेवणारा?

हे शेंगा सोलत होते. म्हणाले, "अगं, मग हे नावे टाकणं झालं की. रक्कम कोणाच्या नावे टाकायची, तेवढंच तर."

मी कार्डाकडे बघत राहिले. जमा आणि नावे. बापाने उचललेलं मुलांच्या नावे टाकणारा. क्रियापद हिशेबाचंच होतं. फक्त माणूस कर्म असला तर त्या माणसाचा हिशेब घेतला जातो, आणि पाप कर्म असलं तर ते कोणाच्या तरी खात्यावर चढतं. नियम अगदी काटेकोर नाही. काही ठिकाणी माणूस सरळ कर्म असूनही शिक्षाच होते, आणि नेमणुकीतही अल येतोच. पण माझ्या तीस कार्डांपुरता हा धागा टिकला. सर म्हणाले, "अल दिसला की सावध व्हायचं, एवढं पुरे."

हे सगळं होईपर्यंत मराठी शब्दाचा पत्ता नव्हता. प्रत्येक कार्डावर वेगळा. आठवण केली, मोजले, नेमले, शासन केले. अनुवादक असंच करतात आणि त्यांचं चुकत नाही. पण मला ते एका पातेल्यातली भाजी सहा वाट्यांत काढून सहा भाज्या म्हणून वाढल्यासारखं वाटत होतं.

यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायाने सोडवलं. सरांनी तो गृहपाठ म्हणून दिला होता. देव मेंढपाळांवर, म्हणजे राज्यकर्त्यांवर, चिडलाय. तुम्ही माझी मेंढरं पांगवलीत, हाकलून दिलीत, 'वेलो फेकद्तेम ओताम'. आणि लागलीच, 'हिनेनी फोकेद अलेखेम'. (फ आणि प एकच अक्षर, मागे स्वर आला की प मऊ होऊन फ होतो.) पहिल्या पाकदला सरळ कर्म, दुसऱ्याला अल. पहिला मायेचा, दुसरा दणक्याचा. इंग्रजीत बघितलं तर दोन्हीकडे वेगळी क्रियापदं घातलेली, किंवा एकच घालून वाक्य अवघडलेलं. मी पेन्सिल घेतली आणि विचार न करता मराठीत लिहिलं:

'तुम्ही त्यांचा समाचार घेतला नाहीत. आता बघा, मी तुमचा समाचार घेतो.'

लिहिलं आणि हात थांबला. समाचार घेणं! आजारी माणसाचा समाचार घ्यायला आपण मोसंबी घेऊन जातो, आणि उधळलेल्या पोराचा खरपूस समाचारही घेतो. एकच शब्द, आणि कोणता अर्थ ते आवाजावरून कळतं, कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हजेरीचंही तेच. गुरुजी सकाळी वर्गाची हजेरी घेतात आणि मधल्या सुट्टीत भांडणाऱ्याचीही हजेरी घेतात, पण या दोन हजेऱ्या वेगळ्या. जे इंग्रजी कोशाला सहा परिच्छेदांत सांगावं लागतं, ते आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा बोलतो. मी ही वाट इतक्या लांबून का फिरून आले, याचा थोडा रागच आला. हिब्रू शब्दाचा अर्थ मी इंग्रजीत शोधत होते आणि मराठीत नुसता उतरवत होते.

दोन ओळी पुढे, चौथ्या वचनात, तोच धातू तिसऱ्यांदा आला. नवे मेंढपाळ येतील, मग मेंढरं भिणार नाहीत, घाबरणार नाहीत, 'वेलो यिप्पाकेदू'. माझा जुना निफाल, पोटात 'न' घेऊन. मी समाचार खोडला आणि तिन्हीकडे हजेरी घालून पाहिली. तुम्ही त्यांची हजेरी घेतली नाहीत. आता मी तुमची हजेरी घेतो. आणि पुढे हजेरीत एकही कमी भरणार नाही.

तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. ते उदाहरण मी काही हवेतून काढलं नव्हतं. पाथर्डी तालुक्यातल्या शाळेत असताना दर दिवाळीनंतर पट अर्धा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला, पोरं त्यांच्याबरोबर कोयत्यावर. मार्च-एप्रिलमध्ये काही परत यायची, काही नाही. त्या बाकावरचा मुलगा सातवीत होता, संस्कृत नसतानाही मला सुभाषितं मागायचा. तो गेला, आणि मी रोज त्याच्या नावापुढे 'गै' लिहीत राहिले. महिनाभर. मग पटावरून नाव कमी झालं. हजेरी मी एक दिवसही चुकवली नाही. समाचार एकदाही घेतला नाही. हिब्रूत ही दोन कामं वेगळी नाहीत.

गुरुवारी यिर्मया वाचून दाखवताना हे काही मी वर्गात बोलले नाही. नुसती तीन वाक्यं वाचली. पुण्याचा मुलगा, तो इंजिनिअर आहे, म्हणाला, "मॅडम, भारी!" सर थोडा वेळ गप्प होते, मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाले, "छान आहे. आता साराचं वाचा."

परमेश्वराने साराची हजेरी घेतली. सगळे हसले, मीही. नव्वदीच्या बाईची हजेरी! तिथे समाचारच हवा, आणि तोही हलक्या हाताने. योसेफाच्या तोंडी तर दोन्ही पुरे पडत नाहीत. तो मरताना भावांना म्हणतो, 'पाकोद यिफ्कोद'. आधी भाववाचक रूप, मग त्याच धातूचं क्रियापद. हिब्रूत जोर द्यायची ही रीत आहे. इंग्रजीवाले तिथे 'खात्रीने' घालतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. घेईल म्हणजे घेईलच. 'देव तुमचा समाचार घेईल म्हणजे घेईलच, तेव्हा माझी हाडं इथून घेऊन जा.' व्याकरण चोख बसलं, पण मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी 'समाचार' थोडा कोरडा लागतो. सरांनी 'देव तुमच्याकडे बघेल म्हणजे बघेलच' सुचवलं. मला ते जास्त आवडलं, पण मग धातूचा धागा तुटतो. कार्डावर दोन्ही लिहिलंय, पेन्सिलीने.

एक कार्ड अजून कुठेच लागलेलं नाही. गणना १:४७, लेवी वंशाचे लोक त्यांच्यात मोजले गेले नाहीत, 'लो होत्पाक्दू'. सुरुवात हित्पाएल साच्यासारखी, आणि त्यातही मधलं अक्षर दुप्पट होतं, म्हणून कोफमध्ये द्वित्त हवं, तर ते नाही. त्यात पुन्हा रूप कर्मणी. जुने व्याकरणकार म्हणतात, हा एका विसरल्या गेलेल्या आठव्या साच्याचा अवशेष असावा. मी सरांना विचारलं, सातांपैकी कुठल्या रकान्यात लिहू?

"लेव्यांना हजेरीत धरायचं नाही असंच सांगितलंय ना," सर म्हणाले. "राहू द्या बाहेर."

पाऊस सुरू झाला होता, फोन कट झाला. ते कार्ड मी रबरबँडच्या बाहेर ठेवलंय.